मुकुटबनचे पाहुणे आणि जुनापाणीचे दगड

भाऊबीजेला बहिणीकडे जावयाचे, ओवाळून घ्यावयाचे, पोटाला तड लागेस्तोवर जेवावयाचे आणि दुसऱ्या दिवशी चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन परत यावयाचे, हा माझा गेल्या कित्येक वर्षांचा नेम आहे. माझी थोरली बहीण यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबनास दिलेली. झरी-जामणी तालुक्यातले हे गाव. वणीहून रेल्वेने आदिलाबादकडे निघालात की वाटेत लागते. दक्षिणेला पैनगंगा, आसपास कोलामांचे पोड, भुईच्या पोटात कोळसा आणि चुनखडी, अन् भुईवर नजर पोचेल तिथवर पऱ्हाटी. दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटू लागतात आणि सबंध शिवार पांढऱ्या ठिपक्यांनी भरून जाते. नागपूरच्या धुराड्यातून गेलेल्या माणसाला ते दृश्य पाहूनच निम्मी ओवाळणी मिळाल्यासारखे वाटते.

गेल्या वर्षी मात्र मी पोहोचलो तो घरात भांडण सुरू होते. भांडण म्हणजे आदळआपट नव्हे. आमचे भाऊजी मोठ्याने बोलणारे गृहस्थ नाहीत. ते सुपारी कातरीत बसले होते आणि त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, भिंतीशी टेकून उभी होती. ताई मधल्या खोलीत करंज्या मोजीत होती, म्हणजे मोजल्यासारखे करून दोघांचे ऐकत होती.

प्रकरण असे होते. भाऊजींच्या वावरात, धुऱ्याच्या जरा आत, त्यांच्या आजोबांचा ओटा आहे. नुसत्या दगडांचा, चुन्यासिमेंटाशिवाय रचलेला. वर एक निंब. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ताई तिथे पणती लावून येते. याखेरीज त्या ओट्याकडे वर्षभर कोणी ढुंकून पाहत नाही. भाऊजींनी नुकताच ट्रॅक्टर घेतला होता आणि तो ओटा वळणाच्या नेमका आड येत होता. शिवाय विहिरीच्या कठड्याला दगड हवाच होता. तेव्हा ओटा काढावा, दगड विहिरीला लावावा आणि आजोबांच्या नावाने शाळेला काही देणगी द्यावी, असा त्यांचा विचार. माणूस हिशेबी, पण वाईट मुळीच नव्हे.

भाची म्हणत होती, "बाबा, देणगी द्या. पण ओटा हलवू नका."

"काहून?"

या 'काहून'ला तिच्यापाशी उत्तर नव्हते. किंवा होते, पण ते तिला तिथे देता येत नव्हते. ती नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व हा विषय घेऊन शिकते. भाऊजींच्या मते हा विषय म्हणजे जुनी मडकी पुसण्याची विद्या. शेवटी ती म्हणाली, "मला सोडायला नागपूरला येताच आहात ना? मग परवा सकाळी दोन तास मला द्या. मामाही येईल."

अशा रीतीने माझी काही चूक नसताना मीही त्या खटल्यात ओढला गेलो.

*

दुसऱ्या दिवशी भाऊजींच्या जीपमधून आम्ही वणी-वरोरा करीत नागपूरच्या वाटेला लागलो. बुटीबोरी आली. दोन्ही अंगांना कारखान्यांची धुरांडी आणि मालमोटारींच्या रांगा. भाचीने खिडकीतून हात दाखवून सांगितले, "मामा, या बाजूला आत टाकळघाट आणि खापा आहे. डॉ. शां. भा. देवांनी 1968-69 साली तिथे उत्खनन केलं. टाकळघाटला लोकांची राहण्याची जागा, आणि खापाला त्यांच्या मृतांची."

"मेलेल्यांचं वेगळं गाव?" ताईने विचारले.

"तसंच म्हण. आपल्या विदर्भात असं क्वचितच सापडतं. बहुतेक ठिकाणी मेलेल्यांची जागा सापडते, जिवंत माणसं कुठं राहत होती ते सापडत नाही."

भाऊजी गाडी चालवीत होते. ते काही बोलले नाहीत. पण कारखान्यांकडे पाहून एकदा त्यांनी मान हलविली.

माझ्या घरी मुक्काम झाला. आमच्या सौभाग्यवतींनी नणदेच्या पाहुणचारात कसर ठेवली नाही हे सांगावयास नकोच. सकाळी उजाडताच, पोहे आणि चहा झाल्यावर, आम्ही सगळे जण काटोल रस्त्याने निघालो. शहर मागे पडले, गोरेवाड्याचे रान लागले, आणि थोड्याच वेळात जुनापाणी आले. नागपुरात इतकी वर्षे काढली, परंतु या बाजूला मी केवळ हुरड्यासाठी आलो होतो, हे कबूल केले पाहिजे. वाचकहो, तुमच्यापैकी जे नागपूरकर आहेत त्यांनीही मनातल्या मनात कबुली देऊन टाकावी.

पहिल्या दर्शनी निराशाच झाली. मला वाटले होते, बिलायतेतल्या स्टोनहेंजसारखे काही तरी उंचच उंच, छाती दडपविणारे असेल. इथे नुसते माळरान. बुटक्या टेकड्या, पिवळे पडू लागलेले गवत, मधूनमधून पळस आणि बोरी. गवतात काळे धोंडे. ताई म्हणाली, "हेच का? असे धोंडे तर आमच्याकडे वाटेवर पडलेत."

"आत्या, इथं उभी राहा आणि डोळ्यांनी धोंड्यांच्या मागोमाग जा," सौभाग्यवतींच्या अंगावरून पुढे होत आमचा धाकटा ओरडला. त्याच्या डोळ्यांना ते आधी दिसले होते.

आणि मग मलाही दिसले. ते धोंडे विखुरलेले नव्हते. एकाला लागून एक, असे गोल बसविलेले होते. मध्ये मुरूम आणि गोटे भरून किंचित उंचवटा केलेला. एक गोल दिसला की शेजारचा दिसतो, मग त्याच्या पलीकडचा, मग उतारावरचा. चित्रकोड्यात लपलेला वाघ एकदा सापडला म्हणजे पुन्हा लपत नाही, तसे झाले. जुनापाणीच्या परिसरात अशी सुमारे 300 वर्तुळे नोंदलेली आहेत. प्रत्येक वर्तुळ ही एक दफनाची जागा. काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातला. गौतम बुद्ध फिरत होते त्या सुमाराचा, काही ठिकाणी त्याच्याही आधीचा.

खेड्यातले लोक या वर्तुळांचा संबंध पूर्वीच्या गवळी लोकांशी जोडीत. गाईगुरे बाळगणाऱ्या कोण्या जुन्या राजांचे हे तळ, अशी समजूत. शास्त्राच्या नजरेने त्यांच्याकडे पहिल्यांदा पाहणाऱ्यांत जे. एच. रिव्हेट-कार्नॅक हा इंग्रज अधिकारी होता. गंमत अशी की, हा गृहस्थ मध्यप्रांत-वऱ्हाडात कापसाचा कमिशनर होता. मँचेस्टरच्या गिरण्यांना आपला कापूस नीट कसा पोहोचेल हे पाहणे त्याचे काम. पऱ्हाटीच्या शोधात हिंडता हिंडता त्याला ही वर्तुळे भेटली आणि त्यांच्या उत्खननाची हकिकत त्याने 1879 साली प्रसिद्ध केली. हे ऐकताच भाऊजींनी प्रथमच तोंड उघडले. "म्हणजे कापसाच्या भावाचं सोडून तो इथं धोंडे मोजत बसला होता?" पण त्यांचा स्वर जरा सैल झाला होता. कापसाचा माणूस म्हटल्यावर तो त्यांना परका वाटेना.

*

भाऊजी मग आपल्या रीतीने कामाला लागले. एका वर्तुळावरून त्यांनी पावले टाकली. बाहेरच्या धोंड्यांना हात लावून पाहिला, एकाला खांदा देऊन पाहिला. तो हलला नाही. "काळा पत्थर आहे," ते म्हणाले. "हा एकेक दगड सरकवायला चार-सहा गडी पाहिजेत. आणि हे तीनशे गोल! किती ब्रास दगड झाला, हिशेब करा." हिशेब कोणी केला नाही. पण प्रश्न सर्वांच्या डोक्यात राहिला. ज्यांच्यापाशी यारी नव्हती, ट्रॅक्टर नव्हता, त्यांनी हे कशासाठी केले?

तेवढ्यात त्यांना एका धोंड्यावर वाटीएवढे खळगे दिसले. एक-दोन नव्हे, ओळीने. "हे सुरुंगाचे आहेत," त्यांनी निकाल दिला. "कोणी तरी दगड फोडायला आला होता."

"नाही बाबा. हे तेव्हाचेच," भाची म्हणाली. "रिव्हेट-कार्नॅकचंही लक्ष यांच्याकडे गेलं होतं. तिकडे ब्रिटनमधल्या धोंड्यांवर असेच खळगे आहेत, म्हणून त्याला नवल वाटलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी इथं येऊन मोजमापं घेतली. खळग्यांचे धोंडे वर्तुळात वाटेल तिथं बसवलेले नाहीत, ठराविक दिशांनाच आहेत, असं त्यांना आढळलं. म्हणजे सूर्याकडे किंवा ताऱ्यांकडे पाहून बसवले असतील, असा त्यांचा तर्क आहे."

भाऊजींनी एका खळग्यात अंगठा घालून पाहिला. बराच वेळ ठेवला.

आम्ही बोरीच्या तुटपुंज्या सावलीत सतरंजी टाकली. सौभाग्यवतींनी सांभारवडी काढली. आणि भाचीने सांगावयास सुरुवात केली. ते सगळे तिच्या शब्दांत देण्याइतकी जागा नाही. सारांश असा.

अशी शिळावर्तुळे एकट्या जुनापाणीला नाहीत. नागपूरच्या अवतीभवती माहुरझरी, रायपूर, नायकुंड, भागीमोहारी अशा अनेक ठिकाणी ती आहेत. जुनापाणीला बी. के. थापर यांनी 1961-62 साली पुन्हा पद्धतशीर उत्खनन केले. माहुरझरीला 1970 ते 1972 या काळात डॉ. देवांनी केले. नायकुंडला 1977 पासून डॉ. देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी केले. वर्तुळाच्या आत खणत गेले की मुरूम आणि गोट्यांच्या भरावाखाली काळी चिकणमाती लागते आणि तिच्यात माणसाच्या हाडांचे तुकडे. सबंध सांगाडा क्वचितच. सोबत काळ्या-तांबड्या रंगाची मडकी. लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, कट्यारी. तांब्याच्या बांगड्या, अकिकाचे मणी. माहुरझरीला तर पाते लोखंडाचे आणि मूठ तांब्याची अशी कट्यार मिळाली. तांब्याच्या भांड्यांवर झाकणे, आणि झाकणाच्या मुठीवर इवलासा पक्षी.

विदर्भाचा विशेष म्हणजे घोडा. इथल्या कित्येक दफनांत घोड्याची हाडे आणि लोखंडी लगाम मिळाले. माहुरझरीला घोड्याच्या तोंडावर चढवावयाचे तांब्याच्या पत्र्याचे दागिनेही मिळाले. मालक गेला, त्याच्यामागून घोडा.

"बिचारा," ताई म्हणाली.

"कोण? मालक?"

"घोडा." मग थोडे थांबून ती म्हणाली, "भांडं ठेवलं, त्यावर झाकण ठेवलं, हत्यार दिलं, बांगडी-मणी दिले, बसायला घोडा दिला. मुलगी सासरी पाठवताना आई काही विसरू नये म्हणून जसं करते ना, तसं दिसतं हे."

पुरातत्त्वाच्या कोणत्याही ग्रंथात हे वाक्य नसावे. पण त्यानंतर बराच वेळ कोणी वडीला हात लावला नाही.

हे लोक रानटी नव्हते, असे भाची पुन्हा पुन्हा सांगत होती. नायकुंडला पेंच नदीच्या काठी त्यांची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे. ते शेती करीत, धान्य पिकवीत, गुरे पाळीत. दगड उभारून मृतांची आठवण ठेवण्याची रीत फक्त इथलीच नव्हे. कर्नाटकात ब्रह्मगिरीला सर मॉर्टिमर व्हीलरनी 1947 साली अशीच दफने खणून काढली. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात चिमूर तालुक्यात हिरापूरला प्रचंड शिळांचे मंडप उभे आहेत. आणि ही रीत मेलेलीही नाही. गडचिरोली जिल्ह्यात भामरागडच्या रानात माडिया लोक गेलेल्या माणसाच्या नावाने आजही दगड उभा करतात. आपण पणती लावतो, फोटोला हार घालतो. ते दगड रोवतात. कारण एकच.

*

आता खटल्याचा निकाल लागणार असे मला वाटले. पण भाऊजी कच्च्या गुरूचे चेले नव्हेत. ते उठून उभे राहिले, माती चिमटीत घेतली आणि म्हणाले, "एक सांगू? ही सगळी जमीन मुरमाड आहे. इथं पऱ्हाटी होणार नाही की तूर होणार नाही. ती लोकं शहाणी होती. मेलेल्यांना माळ दिला आणि काळी जमीन पेरायला ठेवली. माझ्या आजोबांचा ओटा काळीत आहे. मग मीच बरोबर की नाही?"

भाची गप्प झाली. मीही गप्प झालो. कारण मुद्दा खरा होता. शेतकऱ्याला जमीन आमच्यापेक्षा लवकर दिसते.

परत निघताना आम्ही टेकडीच्या दुसऱ्या अंगाने उतरलो. तिथे एक वर्तुळ अर्धेच उरले होते. एका बाजूला धोंडे जागच्या जागी, दुसऱ्या बाजूला नुसते खड्डे, आणि खड्ड्यांत गवत. मधोमध कोणी तरी खणून पाहिलेले. धनाच्या आशेने खणले असणार. त्याला तिथे फुटकी मडकी आणि गंजलेले लोखंड यांखेरीज काय मिळाले असेल?

"हे दगड कोणी नेले?" भाऊजींनी विचारले.

"कोणी तरी. केव्हा तरी. कुठल्या घराच्या जोत्याला, कुठल्या रस्त्याच्या भरावाला. या जागा 1958 च्या कायद्याप्रमाणे संरक्षित आहेत. 2010 पासून तर अशा स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे. पण रानात कोण पहारा देणार?" भाची जरा वेळाने म्हणाली, "बाबा, जो धोंडा नेला तो आता कुठं तरी असेलच. मोडला नसेल. पण त्याला कोणी काही विचारू शकत नाही. या जागेवर होता तोवर तो बोलत होता. कुणाच्या बाजूला बसवला, कोणत्या दिशेला, का, ते सांगत होता. उचलला आणि तो नुसता दगड झाला. नेणाऱ्याला वाईट करायचं नव्हतं. त्याला फक्त दगड हवा होता."

भाऊजी त्या रिकाम्या खड्ड्यापाशी उभे होते. त्यांनी घर बांधले तेव्हा जोत्याला कित्येक ब्रास दगड घेतला होता, हे मला ठाऊक होते. तो कुठून आला असे त्यांनी विचारले नव्हते. मीही माझ्या घराच्या वेळी विचारले नव्हते. आपण दगडाचा भाव विचारतो, गाव विचारीत नाही.

"चला," ते म्हणाले. "ऊन चढलं."

मुकुटबनच्या वाटेला लागण्यापूर्वी त्यांनी ओट्याचा विषय काढला नाही. आम्हीही काढला नाही. जावयाला आणि भाऊजींना उपदेश करू नये, हा आमच्या घराण्याचा नियम आहे.

*

ज्येष्ठात, पेरणीच्या तोंडाशी, ताईचा फोन आला. पाऊस कसा आहे, मुले कशी आहेत, सौभाग्यवतींची कंबर कशी आहे, सगळे झाले. शेवटी मी भीत भीत विचारले, "आणि तो ओटा?"

"आहे," ताई म्हणाली. "विहिरीला यांनी नवा दगड विकत घेतला. आणताना गाडीवाल्याला दहादा विचारलं, कुठल्या खाणीतला आहे म्हणून. तो वैतागला बिचारा."

मग भाऊजींनी फोन घेतला. "तुझ्या भाचीला सांगू नकोस," ते म्हणाले, "नाही तर डोक्यावर बसेल. ओट्यापाशी ट्रॅक्टर वळवून घ्यावा लागतो. दोन तास कमी पडतात दर साली. कपाशीचे दोन तास म्हणजे काही थोडं नव्हे."

"मग?"

"मग काय? पडू दे." थोडा वेळ फोनवर नुसता वारा ऐकू आला. ते वावरातूनच बोलत होते. "माझ्या आजोबानंच ही जमीन काळी केली रे. मी लहान असताना इथं धोंडेच होते. त्यानं एकेक वेचून बांधाला टाकले. त्याच धोंड्यांचा बाबांनी हा ओटा रचला. हे मला त्या दिवशी तिथं आठवलं, पण पोरीसमोर बोलवेना."

यंदाच्या भाऊबीजेला मी नेहमीप्रमाणे मुकुटबनास जाणार आहे. लक्ष्मीपूजनाच्या पणत्या ताई गावातल्याच कुंभाराकडून घेते. परंतु ओट्यावरची पणती दर वेळी वाऱ्याने विझते, तेव्हा नागपुराहून एखादा काचेचा कंदील मिळाला तर आणा, असा भाऊजींचा निरोप आहे. कंदील घेतला आहे. तो चिवड्याच्या डब्यासारखा मांडीवर घेऊन बसावे लागेल, एवढेच.